खोगीर फिटिंग
घोड्याची पाठ आणि स्वाराची बैठक दोन्ही बघून खोगीर निवडणं, तपासणं, त्यातली भर कमीजास्त करणं म्हणजे खोगीर फिटिंग. ब्रिटनमध्ये हा रीतसर शिकायचा पेशा आहे, तिथली खोगीर करणाऱ्यांची संघटना, सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स, १९६६ ची. बेळगाव, चिकोडी, अथणीकडं बहुतेक घोडा सांभाळणाराच हे बघतो.

ताठ सांगाड्याचं, म्हणजे आत कडक चौकट असलेलं, खोगीर आधी कुणी केलं यावर मात्र एकमत नाही. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरांतल्या पाझिरिक थडग्यांमधली खोगिरं (साधारण इ.स.पू. ५वं ते ३रं शतक) म्हणजे भरलेल्या गाद्याच, सांगाडा नाही असं बहुतेक जण धरतात. रोमन चार शिंगांच्या (चार कोपरे वर उचललेल्या) खोगिरात लाकूड होतं का हा वाद जुना, रोमन सैन्याचे अभ्यासक पीटर कॉनॉली यांनी लाकूड धरून नमुना बनवून दाखवला, तो पटतो, पण सगळ्यांना मान्य नाही. रिकिबीचं, म्हणजे स्वाराच्या पाय ठेवायच्या कडीचं, असंच. सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायची दोरी दिसते असं म्हणतात, चीनमध्ये चांगशाच्या इ.स. ३०२ च्या थडग्यातल्या मातीच्या घोड्याला एकच रिकीब आहे, ती चढण्यापुरती असावी, आणि तिथल्याच फंग सूफू या सरदाराच्या ४१५ च्या थडग्यात जोडी सापडली. हे इथं सांगायचं कारण, रिकिबीत उभं राहिलं की वजन रिकिबीच्या पट्ट्याखाली घोड्याच्या पाठीवर एका जागी येतं, ते पसरवायला सांगाडा लागतो.

घोडा पाय पुढं टाकतो तेव्हा खांद्याच्या पात्याचा वरचा भाग मागं सरकतो, म्हणून सांगाडा पात्याच्या मागं बसवायचा, आणि वजन शेवटच्या म्हणजे १८व्या बरगडीच्या पलीकडं जाऊ द्यायचं नाही कारण तिथून पुढं कमरेला आधार नाही. खोगिराच्या दोन बाजूंच्या गाद्यांमधली पन्हळ कण्यावर मोकळी हवी. फिटर वाकणाऱ्या पट्टीनं पाठीचा आकार कागदावर उतरवतो, खोगिराखालून हात फिरवतो, पुढंमागं टेकून मध्ये पोकळ राहतंय का बघतो, मग स्वार बसवून पुन्हा सगळं तेच, हे दुसऱ्यांदा बघणं लोक हमखास टाळतात. पाठीवरचे पांढरे केस बऱ्याचदा जुन्या दाबाची खूण. रिकिबीचा पट्टा फार पुढं असला तर स्वार खुर्चीत रेलल्यासारखा मागं पडतो, कंबर त्याची आणि पाठ घोड्याची, दोघंही दुखावतात. खुराक, वय, काम यानं पाठ बदलते तेव्हा एकदाचं फिटिंग कायमचं नसतं.

सीमाभागातलं ठळक उदाहरण चिकोडीकडच्या अंकली गावचं. शितोळे सरकारांचे दोन अश्व आषाढी वारीसाठी दरवर्षी तिथून आळंदीला पायी जातात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. घोडागाडीच्या शर्यतीत खोगीरच नाही, तो साज वेगळा. धनगरांच्या तट्टांवर माणसापेक्षा बिऱ्हाडच जास्त. खाली आणखी एक घोंगडं घातलं की भागतं असा समज सगळीकडंच आहे, पण सांगाडा मुळात अरुंद असला तर जाड घोंगड्यानं तो उलट जास्तच चिमटतो.