वाघ महामार्गाखालून जातो, पण केव्हा?

नागपूरहून जबलपूरकडे निघालं आणि मनसर मागे पडलं की राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलात शिरतो आणि मध्येमध्ये खांबांवर चढतो. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ पूल आहेत, सर्वांत आखूड 50 मीटरचा आणि सर्वांत लांब 750 मीटरचा. वरून चौपदरी वाहतूक, खालून जनावरांची वाट. 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर भारतीय वन्यजीव संस्थेने या पुलांखाली 78 कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले. त्यांत 18 वन्य प्रजाती टिपल्या गेल्या. सर्वाधिक फोटो अर्थातच चितळांचे. वाघाची नोंद 89 वेळा झाली. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा हे 11 वेगवेगळे वाघ निघाले.

पाणी जायला प्रत्येक रस्त्याखाली मोरी असतेच, मग एवढा खर्च कशाला, असा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर मोकळेपणाच्या साध्या गणितात आहे. रुंदी गुणिले उंची, भागिले जनावराला छताखाली चालावं लागणारं अंतर. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि 30 मीटर लांब मोरीचा आकडा येतो 0.13. तेवढ्याच अंतराच्या, पण 50 मीटर रुंद आणि पाच मीटर उंच पुलाचा आकडा 8 च्या वर जातो. चितळ-सांबरासारख्या जनावरांचा जीव पळण्यावर अवलंबून असतो. पलीकडचं जंगल दिसत नसेल तर ती बोळात शिरत नाहीत. नकाशा वाचताना एक गोची लक्षात ठेवावी. अभियंत्याच्या लेखी जी पुलाची लांबी, ती जनावराच्या लेखी वाटेची रुंदी असते. बैठकांमध्ये यावरून बराच गोंधळ होतो.

तरी हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली अस्वलं आणि एल्क हरणं रुंद, मोकळे मार्ग पसंत करतात, तर काळं अस्वल आणि कूगर हे मोठं रानमांजर अरुंद, आडोशाच्या वाटेने जातात. म्हणून एकाच मापाचे दहा मार्ग बांधण्यापेक्षा वेगवेगळ्या मापांचे बांधलेले बरे.

खरी गंमत रस्त्याकडेच्या कुंपणात आहे. त्याशिवाय जनावर पुलाकडे वळेलच असं नाही. समोर रस्ता मोकळा दिसला तर ते तिथूनच ओलांडतं. बॅन्फमधलं कुंपण 2.4 मीटर उंच आहे, आणि खालून उकरून कोणी पलीकडे जाऊ नये म्हणून त्याला जमिनीत पुरलेल्या जाळीची जोड दिली आहे. उत्तर अमेरिकेतला अनुभव असा, की पाच किलोमीटरपेक्षा लांब कुंपणाने मोठ्या जनावरांच्या गाड्यांशी होणाऱ्या धडका साधारणपणे 80 टक्क्यांहून जास्त घटतात. आखूड कुंपणांची सरासरी मात्र पन्नाशीच्या आसपासच राहते. जाळीच्या कडेकडेने आलेलं जनावर ती संपते तिथेच रस्त्यावर उतरतं, आणि अपघात फक्त जागा बदलतात. शिवाय उघडं राहिलेलं एखादं फाटक किंवा पावसाने वाहून गेलेला भराव पुरतो; आत शिरलेलं जनावर दोन जाळ्यांमध्ये, गाड्यांच्या समोर अडकतं. त्याला बाहेर पडता यावं म्हणून रस्त्याच्या बाजूने मातीचा चढ करून तो कुंपणातल्या खिंडीपर्यंत नेतात. पलीकडे दीड-दोन मीटरचा उभा उतार असतो. आतून उडी मारता येते, बाहेरून चढता येत नाही.

पुलाखालची जमीनही तितकीच महत्त्वाची. काम संपल्यावर तिथे खडी आणि काँक्रीटचे तुकडे पडून राहिले, किंवा संपूर्ण तळाला दगडी पिचिंग केलं, म्हणजे दगड बसवून तळ झाकला, तर खूर टेकायला जागा उरत नाही. नाल्यावरच्या पुलाखाली पावसाळ्यातही दोन्ही काठांना कोरडी पट्टी हवी. आवाज आणि गाड्यांचे झोत अडवायला मध्य प्रदेशच्या बाजूला, सिवनी जिल्ह्यात, चार मीटर उंच भिंती उभारल्या आहेत. पण सावली बघून खाली ट्रक उभे राहिले, गुरं बसली, कुत्री वावरायला लागली, की वरच्या भिंतींचा उपयोग उरत नाही. बांधकामाच्या खर्चात या राखणीची तरतूद सहसा नसते, आणि ही चूक महागात पडते.

नुसते फोटो मोजूनही भागत नाही. एकच चितळ रोज ये-जा करून आकडा फुगवू शकतं. आजूबाजूच्या जंगलात सांबर भरपूर आहेत आणि पुलाखाली मात्र दिसत नाहीत, तर तो मार्ग त्यांच्यासाठी बंदच समजायचा. बॅन्फमध्ये मार्गांच्या तोंडाशी काटेरी तार लावून अस्वलांचे केस गोळा केले गेले आणि डीएनए तपासला गेला. रस्ता ओलांडणाऱ्या अस्वलांपैकी काहींची पिल्लंही झाली होती, हे त्यातून कळलं. तिथेसुद्धा ग्रिझलींना नव्या मार्गांची सवय व्हायला काही वर्षं लागली होती. त्यामुळे पूल खुला झाल्यावर पहिल्याच हंगामात कॅमेरे काढून अहवाल लिहिणं घाईचं ठरतं.