समवर्ती सूची

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील तिसरी सूची. संघसूचीतल्या विषयांवर संसद आणि राज्यसूचीतल्या विषयांवर राज्यांची विधिमंडळे कायदे करतात. समवर्ती सूचीत दोघांनाही मुभा आहे. विवाह व घटस्फोट, फौजदारी कायदा, कामगार संघटना, वीज हे तिच्यातले काही विषय. तिन्ही सूच्यांत न बसणारे उरलेसुरले सारे संसदेकडे जाते. ही त्रिसूची रचना १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आली.

केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेद देऊ लागले, तर अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा टिकतो, राज्याचा विसंगतीपुरता निष्प्रभ ठरतो. मात्र राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले गेले आणि अनुमती मिळाली, तर त्या राज्यात राज्याचाच कायदा चालतो. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि संसद पुढे असा कायदा रद्दही करू शकते. सूची सामायिक म्हणायची, पण शेवटचा शब्द दिल्लीचा.

ही वाट कशी चालते, ते बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात दिसले. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध हा समवर्ती विषय. त्यावर १९६० चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टूबरोबर (तमिळनाडूतला बैलाला झोंबण्याचा खेळ) या शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची अनुमती मिळवली. तरी उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यतींचे घाट (धावपट्ट्या) ओसच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, तेव्हा गाडे पुन्हा जुंपले गेले. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या दुरुस्त्यांबरोबर ही दुरुस्तीही वैध ठरवली.

सूचीचा सर्वांत मोठा विस्तार आणीबाणीत झाला. ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वजने-मापे, वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण आणि न्यायदान हे विषय राज्यसूचीतून इकडे आणले. लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजनाची नोंद नव्याने घातली. त्यामुळे शेवटच्या नोंदीचा क्रमांक आजही ४७ असला, तरी मोजल्यास नोंदी ५२ भरतात. यांपैकी शिक्षणाचे स्थलांतर राज्यांना सर्वाधिक सलते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतून सूट मागणारी विधेयके तमिळनाडूने २०१७ मध्ये संमत केली. त्यांना राष्ट्रपतींची अनुमती मिळाली नाही.