पासवर्डचे पीठ आणि चिमूटभर मीठ

निलंग्याचे आमचे दाजी भाचीच्या ‘नीट’च्या शिकवणीचा हप्ता भरण्यासाठी लातूरच्या एका शिकवणीवर्गाच्या संकेतस्थळावर गेले आणि ऐन वेळी पासवर्ड विसरले. ‘पासवर्ड विसरलात?’ या अक्षरांवर बोट ठेवताच अर्ध्या मिनिटात मोबाइलवर संदेश आला आणि त्यात त्यांचा जुना पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता. “बघ, किती तत्पर आहेत हे लोक,” असे म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मला मात्र धास्ती वाटली, कारण जे संकेतस्थळ आपला पासवर्ड आपल्याला सांगू शकते, ते तो चोरालाही सांगू शकते. शिवाय तोच पासवर्ड दाजींच्या ई-मेललाही होता.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की आपली माहिती सुरक्षित आहे, असा दाजींप्रमाणेच अनेकांचा समज असतो. ते कुलूप फक्त प्रवासाचे आहे. निलंग्याच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत, म्हणजे संकेतस्थळाच्या संगणकापर्यंत, जाताना वाटेत कोणी माहिती वाचू किंवा बदलू नये, एवढीच त्याची हमी असते. मुक्कामी पोहोचल्यावर ती पेटीत ठेवली जाते की ओसरीवर, हे त्यावरून कळत नाही. लहानशा संकेतस्थळाकडेही बरेच काही साठत जाते. आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक), भेटीची वेळ आणि उघडलेली पाने सर्व्हरच्या नोंदीत आपोआप उतरतात, कुकी नावाची छोटी चिठ्ठी आपली ओळख लक्षात ठेवते आणि अर्जातून नाव, मोबाइल, प्रवर्ग व गुण जमा होतात. या सगळ्यात पासवर्ड वेगळा आहे, कारण संकेतस्थळाला तो माहीत असण्याची मुळात गरजच नसते.

ही किमया ‘हॅश’ नावाच्या गणिती गिरणीची आहे. शाळूचे दळण घरी आणल्यावर त्या पिठातून पुन्हा दाणे जुळवता येत नाहीत. गणिताच्या गिरणीत एक जादा गुण असा, की तोच दाणा कितीही वेळा दळला तरी तंतोतंत तेच पीठ मिळते, आणि चार अक्षरे टाका किंवा अख्ख्या तालुक्याची मतदारयादी टाका, पीठ नेहमी सारख्याच मापाचे निघते. संकेतस्थळ केवळ हे पीठ जपून ठेवते. आपण पुढच्या वेळी पासवर्ड लिहिला की तो दळून नवे पीठ जुन्याशी ताडून पाहिले जाते. जुळले की दार उघडते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवलेली आणि २००१ मध्ये जाहीर झालेली एसएचए-२५६ ही अशीच एक गिरणी आहे. ती पासवर्डच्या अक्षरांचे बिट, म्हणजे ० आणि १ हे अंक, करून ५१२ बिटांच्या एका ठोकळ्यात भरते. दुसऱ्या बाजूला ३२ बिटांच्या आठ संख्या तयार असतात. मग ६४ फेऱ्या चालतात आणि प्रत्येक फेरीत ठोकळ्यातून काढलेला एक तुकडा या आठ संख्यांत मिसळला जातो. बिट गोलाकार सरकवले जातात, एकमेकांशी ताडले जातात, बेरजा होतात आणि बेरीज ३२ बिटांबाहेर गेली तर तो हातचा चक्क सोडून दिला जातो. ९ वाजल्यानंतर ७ तासांनी घड्याळात ४ वाजतात, पण नुसता ४ पाहून सुरुवात कुठून झाली हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. खरे तर एकटी फेरी उलटी फिरवणे अवघड नाही. परंतु त्यासाठी त्या फेरीत मिसळलेला पासवर्डचा तुकडा हाती असावा लागतो, आणि शोधायचा असतो तो नेमका तोच. शेवटी आरंभीच्या आठ संख्या निकालात पुन्हा मिळवल्या जातात आणि २५६ बिटांचे पीठ बाहेर पडते. पासवर्डमधला एकच बिट बदलला तर त्यातले सरासरी १२८ बिट बदलतात, म्हणून ‘जवळपास बरोबर’ असा अंदाज चोराला कधीच लागत नाही. ही रचना मी कागदावर पहिल्यांदा मांडून पाहिली तेव्हाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

तरीही चोराला एक वाट उरते. पीठ उलटे फिरवता येत नसले तरी अंदाजाचे दाणे त्याला स्वतः दळून पाहता येतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या स्वरूपात चोरीला गेले आणि त्यांत सर्वाधिक वापरलेला होता १२३४५६. लोक कसे पासवर्ड ठेवतात, याची यादीच चोरांना तेव्हापासून मिळाली. त्यावर उतारा म्हणजे मीठ. प्रत्येक माणसाच्या पासवर्डमध्ये दळण्यापूर्वी वेगळे, चिठ्ठ्या टाकून काढावे तसे काही अंक मिसळायचे. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे होते आणि आधी दळून ठेवलेल्या पिठांचा चोराला उपयोग राहत नाही. बेल लॅब्समधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच ही युक्ती मांडली होती. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनमधून फुटलेल्या सुमारे ६५ लाख हॅशमध्ये, म्हणजे पिठांमध्ये, मीठ नव्हते. याच्या जोडीला गिरणी मुद्दाम संथ हवी. १९९९ मध्ये आलेल्या बीक्रिप्ट या संथ गिरणीमध्ये ‘किमती’चा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होते, १२ ठेवला तर ४,०९६ आवर्तने. आपल्याला क्षणभर थांबावे लागते, तर कोट्यवधी अंदाज दळू पाहणाऱ्या चोराची वर्षे खर्ची पडतात.

येथे शुभांकाविषयी बोलणे आवश्यक वाटते. अंकशास्त्र्याने सांगितलेला अंक जोडल्याने पासवर्ड बळकट होतो, हा निव्वळ भ्रम आहे. १०८, जन्मतारीख आणि देवाचे नाव चोराच्या यादीत आधीच असते.

हॅशची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘आम्ही मोबाइल क्रमांक हॅश करून ठेवतो’ असा दावा काही जण अभिमानाने करतात. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. एसएचए-२५६ सारख्या वेगवान गिरणीत एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड एवढे दळण काही सेकंदांत संपवते. पासवर्ड नुसता ताडून पाहायचा असतो, क्रमांकावर मात्र फोन करायचा असतो. म्हणून तो कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीने पुन्हा उघडता येईल अशा कुलपात, ठेवावा आणि गरज नसेल तर मागूच नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हेच तत्त्व मानतो, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो.

दाजींनी त्या रात्रीच ई-मेलचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी मी वर्गाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणाला भेटलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि आठवड्याभरात सारे पासवर्ड बीक्रिप्टमधून दळून काढले. त्यासाठी एकाही विद्यार्थ्याला नवा पासवर्ड मागावा लागला नाही. आता विसरलेल्याला नवा पासवर्ड ठेवण्यासाठी पंधरा मिनिटे चालणारी दुव्याची (लिंकची) चिठ्ठी मिळते. मात्र जुन्या पासवर्डची एक्सेल यादी प्रवेशाच्या टेबलावरील संगणकात, एका पेनड्राइव्हमध्ये आणि दोन शिक्षकांच्या ई-मेलमध्ये निघाली. ती आम्ही दोघांनी बसून एकेका ठिकाणाहून पुसली.