स्ट्रेप्टोमायसिनचे कोडे आणि बडोद्याचा विद्यार्थी

वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे बडोद्याच्या मराठी घरांत आजही अभिमानाने सांगितले जाते. रायबोसोम या पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवरील त्या संशोधनाचे स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाशी असलेले नाते मात्र फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही, आणि माझ्या मते खरे मोल त्यातच आहे.

औषधनिर्मिती या शहराला नवी नव्हती. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेशी निगडित असलेले रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक या औषध कंपनीचा पाया घातला होता. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथील जीवरसायनशास्त्र विभाग सी. व्ही. रामकृष्णन यांनी उभा केला. त्यांचा मुलगा वेंकटरामन मात्र १९७१ मध्ये याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेस गेला आणि त्याच विषयात डॉक्टरेट मिळविल्यावर जीवशास्त्राचे धडे गिरवण्यासाठी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. हाती आलेली पदवी बाजूला ठेवून नव्याने शिकायला बसणे, ही मला वेंकटरामन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी शात्झ यांना मातीतील एका जिवाणूपासून मिळाले. या औषधामुळे जिवाणूंच्या रायबोसोममध्ये प्रथिन कसे बनवायचे हे सांगणारा जनुकाचा संदेश चुकीचा वाचला जातो, हे १९६० च्या दशकात दिसून आले. परंतु औषधाचा रेणू तेथे नेमका कोठे बसतो, हे कोडे सुटण्यास २००० साल उजाडावे लागले. रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधील गटाने उष्ण पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूच्या रायबोसोमचा लहान घटक स्फटिकरूपात मिळवून, स्ट्रेप्टोमायसिन, पॅरोमोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन ही प्रतिजैविके त्याला कोठे चिकटतात, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. संदेश तपासला जातो त्याच ठिकाणाजवळ स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोम ज्यांचा बनलेला असतो त्यांपैकी आरएनए या रेणूच्या अनेक भागांना आणि एस-१२ या प्रथिनालाही एकाच वेळी धरून राहते. त्यामुळे योग्य-अयोग्य यांची पारख ढिली पडते आणि चुकीचे अमिनो आम्लही, म्हणजे प्रथिनाचा चुकीचा घटकही, प्रथिनाच्या साखळीत गुंफला जातो.

या औषधाला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंमध्ये याच प्रथिनाच्या आणि याच आरएनएच्या जनुकांत बदल आढळतात. जंतूने औषध कसे चुकवले, हे अणूंच्या पातळीवर समजल्यामुळे नव्या रेणूची आखणी करणाऱ्याला आता औषध जेथे बसते त्या खाचेचा नकाशा समोर ठेवून काम करता येते.