फोनचं पोट सुटतं तेव्हा

आईचा फोन टेबलावर पडला होता. सहज बोट लागलं तर भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला. सपाट वस्तू अशी फिरत नाही. उचलून पाहिला, तर मागचं झाकण मधोमध वर आलेलं आणि कडेच्या फटीत नख जाईल एवढी जागा. "दोन महिने झाले, तसाच आहे. चालतोय की!" आई म्हणाली. रोज रात्री तो जाड रेक्झिनच्या कव्हरासकट उशीखाली चार्जिंगला असायचा. गंमत म्हणजे, समोरच्या इमारतीवर मोबाईल टॉवर उभा राहिला तेव्हा 'लहरी नकोत' म्हणून सोसायटीने केलेल्या अर्जावर पहिली सही हिचीच.

लहरींचं थोडक्यात सांगतो. फोनच्या लहरींमुळे शरीराच्या एक किलो ऊतीत किती ऊर्जा शोषली जावी, याची कमाल मर्यादा भारतात २०१२ पासून १.६ वॉट आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक हँडसेट आपला आकडा दाखवतात. फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा ठोस संबंध मोठ्या अभ्यासांतून हाती लागलेला नाही. खरा घाबरण्याजोगा पदार्थ उशीखाली होता.

तो म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. ती बाजारात आली १९९१ मध्ये. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. आतली रचना सुरळीच्या वडीसारखी असते. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा थर, दोघांच्या मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि हे सगळं गुंडाळून ज्वालाग्राही द्रवात भिजवलेलं. मधला पडदा साधारण २० मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. सगळी भिस्त त्याच्यावर.

आत ऊर्जा किती? ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात सुमारे ६९ हजार ज्यूल साठतात. कपभर पाणी चहासाठी उकळायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. दिवसभर थेंबाथेंबाने वापरली तर कुणाला कळतही नाही. पडदा फाटला आणि दोन्ही थर एकमेकांना भिडले, की हीच ऊर्जा काही क्षणांत बाहेर येते. उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता निघते, १३० अंशांच्या आसपास पडदा वितळू लागतो आणि मग ती साखळी आवरत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हे मॉडेलच मागे घ्यावं लागलं. काही बॅटऱ्यांत कोपऱ्याशी पत्रा दुमडला गेला होता. बदलून दिलेल्या बॅटऱ्यांत वेल्डिंगचे बारीक काटे पडद्यात घुसत होते. दोष डोळ्यांना जेमतेम दिसावा एवढासा.

बॅटरी फुगणं ही त्याआधीची पायरी. वयाने आणि उष्णतेने आतला द्रव हळूहळू विघटित होतो आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू तयार होतात. बॅटरीचं बाहेरचं पाकीट बंद असल्यामुळे ते जाणार कुठे? टाचणीने भोक पाडून 'हवा काढणारे' महाभाग मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, अहो, तो फुगा नव्हे.

आता दोष रात्रभर चार्जिंगचा का? तेवढा नाही. बॅटरी भरली की फोनमधलं सर्किट प्रवाह थांबवतं. नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, हे सल्ले निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या जमान्यातले. खलनायक आहे उष्णता. उशी आणि गादी म्हणजे फोनला पांघरूण घातल्यासारखंच. अनेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. मे महिन्यात नागपूरकर दुपारी घराबाहेर पाऊल टाकतो तेव्हाच ही मर्यादा ओलांडलेली असते. त्यात दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन, नकाशा चालू आणि वर चार्जिंगही, म्हणजे कहरच. फोन हाताला चटका द्यायला लागला तर केबल काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र नको, आत दव धरतं. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा; तो 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. चिन्ह काय, कुणीही छापतो.

फोन पेटलाच, तर माणसं आधी लांब करा. चार्जिंगला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि मग लांबूनच भरपूर साधं पाणी ओता. विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही पाणीच वापरायला शिकवतात, कारण आग विझल्यावरही आतलं रसायन गार करावं लागतं.

आईचा फोन बंद करून मी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो हातात घेऊन नुसता तोलला. "दादा, चार्जिंगला लावला नाहीत ना आता?" मग प्लास्टिकच्या पट्टीने, बॅटरी न वाकवता, पाच मिनिटं खपून ती सोडवली आणि काउंटरखालच्या वाळू भरलेल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवली. डब्यात आधीच सात-आठ पडल्या होत्या. घंटागाडीत का टाकत नाही, विचारलं तर म्हणाला, "गाडीत कचरा दाबतात ना! एक फुटली की सगळी गाडी पेटेल."

नवी बॅटरी बसवून घरी आणली. आईने फोन शहाबादी फरशीवर चार्जिंगला ठेवला, कव्हर काढून बाजूला घडी घातली आणि विचारलं, "बरं, त्या टॉवरच्या अर्जाचं पुढे काय झालं रे?"