पायाभूत सुविधांच्या महामंडळावर किंवा कंपनीवर संचालक व्हायचंय? अर्ज नेमका कुठे करायचा आणि कुठे अडतो

निवृत्त अभियंते, बँकेतले वरिष्ठ अधिकारी, सीए आणि वकील मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो. रस्ते, मेट्रो, पाणी यांत पैसा गुंतवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या संचालक मंडळावर काम करायची इच्छा असते, अनुभवही असतो. पण अर्ज चुकीच्या दारात जातो किंवा कागदाच्या एका ओळीवरून परत येतो.

सगळ्यात आधी संस्था कोणत्या प्रकारची आहे ते बघा. एमएमआरडीए किंवा पीएमआरडीए ही प्राधिकरणं कायद्याने स्थापन झालेली आहेत. त्यांच्यावर कोण बसणार हे कायदा आणि शासन ठरवतं, तिथे बायोडेटा पाठवून काही होत नाही. एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, १९९६ साली स्थापन झाली. ती कंपनी आहे, पण पूर्णपणे राज्य शासनाच्या मालकीची. तिथेही संचालक शासनच नेमतं आणि अध्यक्षपदी मंत्री असतात. थोडक्यात, ‘अध्यक्षपदासाठीचा अर्ज’ असा कुठलाही फॉर्म अस्तित्वात नाही. कुणी तो विकत देत असेल तर पैसे देऊ नका.

सर्वसामान्य व्यावसायिकाला खरोखर उघडं असलेलं दार म्हणजे स्वतंत्र संचालकाचं, म्हणजे मालकांशी किंवा कंपनीशी हितसंबंध नसलेल्या संचालकाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ नुसार लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात. लिस्टेड नसलेल्या, पण १० कोटींचं भरणा झालेलं भांडवल, १०० कोटींची उलाढाल किंवा ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या पब्लिक कंपनीला किमान दोन लागतात. पायाभूत सुविधांच्या कंपन्या कर्जाच्या निकषात सहज बसतात. मात्र जॉइंट व्हेंचर आणि पूर्ण मालकीच्या उपकंपन्यांना ही दोनची अट लागू नाही. त्यामुळे प्रकल्पाचा आकडा मोठा दिसला म्हणून तिथे जागा असेलच असं नाही. इन्व्हिट, म्हणजे पायाभूत सुविधा गुंतवणूक ट्रस्ट, यांचं काम बघणाऱ्या इन्व्हेस्टमेंट मॅनेजर कंपनीत सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे निम्मे संचालक स्वतंत्र असावे लागतात. शिवाय ते दुसऱ्या इन्व्हिटच्या मॅनेजर कंपनीवर संचालक असून चालत नाही.

डेटाबँक: नोंदणी म्हणजे नेमणूक नव्हे

स्वतंत्र संचालक व्हायचं तर आधी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या डेटाबँकेत नाव असावं लागतं. ही व्यवस्था १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. नोंदणी ऑनलाइन होते. एक वर्षासाठी ५,००० रुपये, पाच वर्षांसाठी १५,००० आणि आजीवन २५,०००, वर जीएसटी. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही.

यादीत नाव आलं म्हणजे कंपन्या तुम्हाला शोधू शकतात, एवढंच. निवड कंपनी करते, चौकशीची जबाबदारी तिची, आणि नेमणुकीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. पैसे भरून वर्ष झालं तरी फोन नाही म्हणून लोक तक्रार करतात. ती तक्रार ऐकायला कुणीच बसलेलं नाही, कारण ही भरतीप्रक्रियाच नाही.

आता परीक्षा. इथे सगळ्यात जास्त नावं गळतात. यादीत नाव आल्यापासून दोन वर्षांच्या आत ऑनलाइन प्रोफिशिएन्सी सेल्फ-असेसमेंट टेस्ट पास व्हावी लागते. पासिंग ५० टक्के, आणि कितीही वेळा देता येते. सुरुवातीला नियम एक वर्षाचा आणि ६० टक्क्यांचा होता. तो डिसेंबर २०२० मध्ये बदलला, पण जुने मेसेज अजून फिरतात. ते वाचून ‘मुदत गेली’ म्हणून कुणी सोडून देतं. त्याहून वाईट प्रकार आजीवन शुल्क भरणाऱ्यांचा. २५,००० भरले म्हणजे कायमचं काम झालं असं समजून ते परीक्षेकडे बघतच नाहीत, आणि दोन वर्षांनी नाव काढलं जातं. शुल्काची मुदत आणि परीक्षेची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वर्षाचं शुल्क भरलं असेल तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत नूतनीकरण करायचं, परीक्षेची दोन वर्षं अजून संपली नसली तरीही.

परीक्षेअभावी नाव गेलं असेल तर घाबरू नका. १,००० रुपये भरून ते परत घेता येतं. एक वर्ष वेगळ्या गटात राहतं, त्या वर्षात परीक्षा पास झालात की आधी भरलेलं शुल्क त्याच्या मूळ मुदतीपर्यंत चालू राहतं. त्या वर्षातही राहून गेली तर मात्र सगळं नव्याने.

परीक्षेतून सूट आहे, पण ती ज्येष्ठतेला नाही. लिस्टेड कंपनीत, १० कोटी भांडवलाच्या पब्लिक कंपनीत किंवा कायद्याने स्थापन झालेल्या व्यावसायिक महामंडळात तीन वर्षं संचालक किंवा की मॅनेजेरियल पर्सोनेल (एमडी, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी अशी प्रमुख पदं) असाल तर सूट मिळते. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरी यांनाही मिळते. बांधकाम विभागात तीस वर्षं काढून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेडमधली संचालकपदाची वर्षंही मोजली जात नाहीत. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. पण अभ्यासक्रम कंपनी कायदा, सेबीचे नियम आणि प्राथमिक हिशेब एवढाच आहे. मन लावून वाचलं तर पास होता येतं.

डीआयएन आधी काढायला जाऊ नका

डीआयएन म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक. ‘आधी डीआयएन काढून ठेवतो, मग बघू’ हा सल्ला दुकानादुकानांत मिळतो आणि तो चुकीचा आहे. २०१८ पासून चालू कंपनीसाठी डीआयएनच्या अर्जाचा डीआयआर-३ फॉर्म तेव्हाच भरता येतो, जेव्हा ती कंपनी तुम्हाला संचालक म्हणून घेणार असते. त्या अर्थाचा संचालक मंडळाचा ठराव फॉर्मला जोडावा लागतो. कंपनीच ठरलेली नाही तर ठराव कुठून आणणार? डेटाबँकेत नाव घालायला डीआयएन लागत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे क्रम असा: डेटाबँक, परीक्षा, मग कंपनीचा होकार, आणि त्यानंतर डीआयएन.

डीआयआर-३ ला ५०० रुपये शुल्क आहे. त्यात त्रुटी निघाली तर दुरुस्त करून पाठवायला १५ दिवस मिळतात, आणि नावात फरक असेल तर ते १५ दिवस पुरत नाहीत. म्हणून पॅन आधीच काढून समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेलाच आहे. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण, पॅनवर नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव, निवृत्तिवेतनाच्या कागदावर तिसरंच. डिजिटल सही पॅनप्रमाणेच लागते, फॉर्ममधलं नावही पॅनप्रमाणेच. महिलांची अडचण याहून मोठी. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मधल्या रकान्यात कुठे वडील तर कुठे पती. लक्षात ठेवा, डीआयआर-३ मध्ये वडिलांचंच नाव द्यायचं असतं, लग्न झालेलं असलं तरी. पतीचं नाव टाकलं की फॉर्म परत. दोन्हीकडची नावं खरंच वेगळी असतील तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात घेऊन पॅन किंवा आधार आधी दुरुस्त करून घ्या. १०० कोटी भांडवलाच्या किंवा ३०० कोटी उलाढालीच्या प्रत्येक पब्लिक कंपनीला किमान एक महिला संचालक बंधनकारक आहे. जागा असताना केवळ आडनावाच्या फरकामुळे एखादीचं काम लांबावं, याची खरोखर चीड येते.

दुसरा कागद पत्त्याचा. बिल किंवा बँक स्टेटमेंट दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही आणि ते अर्जदाराच्याच नावावर हवं. इथे गंमत नाही, खरी अडचण आहे: अनेक घरांत महावितरणचं बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर येतं, मोबाइल प्रीपेड असतो, गॅसचं पुस्तक पत्नीच्या नावावर. अशा वेळी सरळ बँकेत जा. खात्यावरचा पत्ता आताच्या राहत्या घराचा आहे ना ते तपासा, नसेल तर बदलून घ्या आणि मग ताजं स्टेटमेंट काढा. वीजबिलावरचं नाव बदलायला अर्ज टाकून ठेवा, पण त्याच्या भरवशावर डीआयएन अडकवू नका.

‘स्वतंत्र’ कोण, आणि तीन वर्षं कशी मोजायची

कलम १४९(६) पूर्ण वाचा. प्रवर्तकांचे किंवा संचालकांचे नातेवाईक नको, कंपनीत दोन टक्के किंवा जास्त मताधिकार नको, कंपनीशी ठरावीक मर्यादेपलीकडे आर्थिक व्यवहार नको. सरकारी कंपन्यांना आर्थिक संबंधांच्या अटीतून २०१५ च्या अधिसूचनेने सूट दिली आहे. नोकरीच्या अटीतून नाही.

ती नोकरीची अट निवृत्त अधिकाऱ्यांना सर्वाधिक नडते. त्या कंपनीत किंवा तिच्या होल्डिंग (म्हणजे मालक) कंपनी, उपकंपनी, सहयोगी कंपनीत मागच्या तीन आर्थिक वर्षांपैकी कोणत्याही वर्षात तुम्ही नोकरीत असाल तर तुम्ही स्वतंत्र नाही. तीन वर्षं निवृत्तीच्या तारखेपासून मोजायची नाहीत. समजा कुणी मे २०२४ मध्ये निवृत्त झालं. मे २०२७ ला तीन वर्षं पूर्ण झाली असं वाटतं. पण मे २०२७ हे २०२७-२८ या आर्थिक वर्षात येतं. त्याच्या आधीची तीन वर्षं २०२४-२५, २०२५-२६, २०२६-२७. पहिल्या वर्षात एप्रिल आणि मे नोकरी झालेली आहे. म्हणजे १ एप्रिल २०२८ च्या आधी नेमणूक होऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या गट अ मधून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात व्यावसायिक काम घ्यायचं तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, ती वेगळी.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे जुनी बंद पडलेली कंपनी. मेहुण्याच्या नाहीतर मित्राच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये कधीकाळी सही दिलेली असते. त्या कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केलं नाही, तर कलम १६४(२) नुसार तिचे संचालक पाच वर्षं अपात्र ठरतात. २०१७ मध्ये याच कलमाखाली तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र जाहीर झाले, त्यात असे नावापुरते संचालक खूप होते. तुमच्या नावावर आधीचा डीआयएन असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर त्याची स्थिती आजच बघा. दुसरा डीआयएन काढणं हा उपाय नाही, कायद्याने त्याला मनाई आहे आणि दंड होतो.

कंपनीने होकार दिला की बाकीचे कागद साधे आहेत: डीआयआर-२ मध्ये संमती, डीआयआर-८ मध्ये अपात्र नसल्याचं घोषणापत्र, स्वतंत्र असल्याचं घोषणापत्र आणि एमबीपी-१ मध्ये इतर हितसंबंधांची माहिती. ३० दिवसांत कंपनी डीआयआर-१२ भरते. भरल्याची पावती मागून घ्या. त्यानंतर डीआयएनचं केवायसी वेळेवर करत राहा. मुदत चुकली तर डीआयएन निष्क्रिय होतो आणि चालू करायला ५,००० रुपये भरावे लागतात.

डिजिटल सहीचा टोकन सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तसं करू नका. टोकन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि फॉर्म उघडून वाचल्याशिवाय सही लावू देऊ नका.