हामर्सहॉय सिंहावलोकन प्रदर्शन (लंडन–टोकियो, २००८)

डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामर्सहॉय (१५ मे १८६४ – १३ फेब्रुवारी १९१६) याच्या चित्रांचे ब्रिटनमधील पहिले मोठे सिंहावलोकन प्रदर्शन. ‘द पोएट्री ऑफ सायलेन्स’ या नावाने ते २८ जून ते ७ सप्टेंबर २००८ या काळात लंडनच्या रॉयल अकादमीत भरले आणि त्याच वर्षी टोकियोच्या नॅशनल म्युझियम ऑफ वेस्टर्न आर्टमध्ये गेले. फेलिक्स क्रेमर आणि नाओकी सातो यांनी त्याची आखणी केली होती.

हामर्सहॉयचे एखादे चित्र संग्रहालयात एकटे टांगलेले असेल, तर पाहणारा सहज पुढे निघून जातो. करडी भिंत, पांढरे दार, पाठमोरी उभी बाई, एवढेच त्यात असते. तीच चित्रे शेजारी शेजारी लावली की मात्र चित्रकार काय करत होता ते उमगू लागते. म्हणूनच त्याच्या बाबतीत सिंहावलोकनाला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

१८९८ ते १९०९ या काळात तो पत्नी ईडासह कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सहाउन भागात, स्ट्रँडगेड ३० या सतराव्या शतकातील घरात राहत होता. तिथल्याच खोल्या तो वर्षानुवर्षे रंगवत राहिला. अंगणाकडची एक खिडकी आणि तिच्या शेजारचे दार पुन्हा पुन्हा येतात. १९०० च्या ‘उन्हाच्या झोतात नाचणारे धूलिकण’ या चित्रात तिथून ऊन आत उतरते, तर सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये असलेल्या चित्रात त्याच जागी चांदणे आहे. पाठमोरी बाई बहुधा ईडाच असते.

ही घराची हुबेहूब नोंद नव्हे. धूलिकणांच्या चित्रातील दाराला मूठ नाही. १९०१ च्या एका चित्रात पियानोला दोनच पाय आहेत आणि टेबलाच्या पायांच्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडतात. सामान हलवले जाते, काढून टाकले जाते, उरतात त्या रेषा आणि उजेड. विषय निवडताना आपण आधी रेषा पाहतो आणि मग प्रकाश, असे त्याने स्वतःच १९०७ च्या मुलाखतीत सांगितले होते. एकाच खोलीची चार चित्रे नजरेसमोर असली की या फेरफारांमागचा विचार लख्ख दिसतो.

प्रदर्शनासाठी लंडनची निवडही अर्थपूर्ण होती. हामर्सहॉय या शहरात अनेकदा येऊन राहिला. ब्रिटिश म्युझियमचा धुक्याने भरलेला परिसर त्याने रंगवला. लंडनमध्ये राहिलेल्या व्हिस्लर या अमेरिकी चित्रकाराबद्दल त्याला फार आदर होता आणि १८८६ मधील आईच्या व्यक्तिचित्रावर व्हिस्लरची छाप स्पष्ट आहे. पियानोवादक लेनर्ड बोर्विक हा त्याचा इंग्लंडमधील चाहता. बोर्विकच्या स्मरणार्थ मित्रांनी १९२६ साली हामर्सहॉयचे एक चित्र लंडनच्या सार्वजनिक संग्रहाला भेट दिले.

हयातीत हामर्सहॉय उपेक्षित नव्हता, वादग्रस्त मात्र होता. बहीण अ‍ॅना हिचे १८८५ चे व्यक्तिचित्र स्पर्धेत डावलले गेले, तेव्हा सहकारी चित्रकारांनी निषेध नोंदवला. पुढे शार्लोटेनबोर्गच्या अधिकृत प्रदर्शनाने त्याचे काम नाकारले. अशा नकारांच्या असंतोषातून १८९१ मध्ये ‘डेन फ्री’ हे स्वतंत्र प्रदर्शन सुरू झाले. जर्मन भाषेतील कवी रिल्के १९०४ मध्ये हामर्सहॉयला भेटायला कोपनहेगनला गेला. हामर्सहॉयवर लेख लिहिण्याचा रिल्केचा विचार होता, पण तो लेख लिहून झाला नाही. मृत्यूनंतर, आधुनिकतावादी कलेच्या लाटेत, हामर्सहॉय बराच काळ मागे पडला.

त्याचे काम विखरून हरवले नाही याचे मोठे श्रेय आल्फ्रेड ब्राम्सेन या दंतवैद्याला जाते. त्याने चित्रे विकत घेतली, परदेशात दाखवली आणि सोफुस मिखाएलिससोबत १९१८ च्या ग्रंथात सुमारे ३७० कामांची सूची दिली. नंतरच्या प्रत्येक प्रदर्शनाचा पाया हीच सूची आहे. पुनरुज्जीवनाची सुरुवात १९८१ मध्ये कोपनहेगनजवळच्या ओर्ड्रुपगार्ड संग्रहालयातील सिंहावलोकनाने झाली. १९९७–९८ मध्ये पॅरिसच्या म्युझे दॉर्से आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्याची चित्रे पोहोचली. २००८ चे प्रदर्शन या मालिकेतले. त्यानंतर कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २०१२ मध्ये त्याला समकालीन युरोपीय चित्रकारांच्या सोबत मांडले, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या जाकमार-आंद्रे संग्रहालयात त्याचे प्रदर्शन झाले.

‘शांततेचा कवी’ ही प्रतिमा या प्रदर्शनांनी रुजवली, पण तिच्यामुळे हामर्सहॉय थोडा आकसलाही. ‘आर्टेमिस’ (१८९३–९४) मधील विवस्त्र मानवाकृती किंवा मेणबत्त्यांच्या उजेडात टेबलाभोवती बसलेल्या मित्रांचे ‘पाच व्यक्तिचित्रे’ (१९०१–०२) हे प्रचंड चित्र या चौकटीत बसत नाही. क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याची निर्मनुष्य दृश्ये आणि डेन्मार्कमधल्या लायर भागातील सपाट माळांची निसर्गचित्रेही घरातल्या खोल्यांइतकीच कसोशीने रचलेली आहेत. ‘पाच व्यक्तिचित्रे’ स्टॉकहोमच्या थील संग्रहालयात आहे, बाकी महत्त्वाची चित्रे कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात, हिर्श्स्प्रुंग संग्रहात, डेव्हिड संग्रहात आणि शहराबाहेरच्या ओर्ड्रुपगार्डमध्ये पाहता येतात.